नववीचं पुस्तक जूनमध्येच संपलं, आता काय?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात मराठी शाळेत नववीत शिकते. गणित आणि विज्ञानाची पुस्तकं शाळा सुरू झाली की महिन्याभरात वाचून संपवते. मोबाईलवर कृष्णविवर, सापेक्षता, क्वांटम यांचे व्हिडिओ बघते. कॅल्क्युलसही शिकायला घेतलं, सूत्रं पाठ झाली, पण कळलं असं वाटत नाही. पुढं काय वाचू, कुठल्या क्रमानं वाचू? सर म्हणतात आधी अभ्यासक्रम पुरा कर. आणि पी.यू.सी.ला (अकरावी-बारावीला) सगळं इंग्रजीत जाणार, त्याचं काय?"

बेळगावात पी.यू. कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवण्यात माझं आयुष्य गेलं, त्या भरवशावर लिहितो.

क्रम नंतर सांगतो. आधी एक गैरसमज काढू. वर्गाबाहेरचं शिकणं म्हणजे पुढच्या वर्गाचं पुस्तक आधी वाचणं नव्हे. तू नववीत अकरावीचं वाचलंस, तर अकरावीत बारावीचं वाचशील, आणि दोन्हीकडं आत्तासारखंच होईल: सूत्र पाठ, पण हातात काही नाही. "कळलं असं वाटत नाही" हे तुला स्वतःहून जाणवलं, ही तुझ्या पत्रातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. पुष्कळांना ते एम.एस्सी. झाल्यावरही जाणवत नाही.

कळलं की नाही, हे ओळखण्याची माझी कसोटी साधी आहे. भौतिकशास्त्रात स्वतःच्या प्रश्नाचं उत्तर आकड्यात काढता आलं पाहिजे, आणि तो आकडा किती चुकीचा असू शकेल हेही सांगता आलं पाहिजे. गणितात "असं होतं" म्हणून थांबायचं नाही. "असंच का होतं, दुसरं काही का होऊ शकत नाही" इथपर्यंत जायचं. आणि हे करायला नववीचं गणित पुष्कळ पुरतं. किती पुरतं ते बघ.

गोकाकचा धबधबा बघितला असशील. उंची साधारण 52 मीटर. मुक्तपतनाचं सूत्र तुझ्या विज्ञानाच्या पुस्तकात आहेच. हवा नाही असं धरलं तर वरून सुटलेलं पाणी सव्वातीन सेकंदांत खाली येतं आणि तळाशी त्याचा वेग सेकंदाला 32 मीटर, म्हणजे ताशी 115 किलोमीटर असतो. इथपर्यंत कुणीही करेल. आता पुढचा प्रश्न विचार: एवढ्या वेगानं आलेलं पाणी खाली कुंडात थांबतं, मग ती ऊर्जा गेली कुठं? बहुतेक सगळी उष्णता होते. एक किलो पाणी 52 मीटर पडलं की सुमारे 510 ज्यूल. एक किलो पाणी एक अंशानं तापवायला लागतात सुमारे 4,186 ज्यूल. भागाकार कर: 0.12 अंश. म्हणजे धबधब्याच्या तळाचं पाणी वरच्यापेक्षा जेमतेम एक दशांश अंश गरम. ज्या ज्यूलच्या नावानं हे एकक आहे, तो लग्नानंतर आल्प्समध्ये फिरायला गेला तेव्हाही थर्मामीटर घेऊन धबधब्याचं तापमान मोजायच्या नादात होता, असं सांगतात. खरं-खोटं काही असो, आकडा बघितल्यावर त्याची अडचण कळते. शाळेतल्या थर्मामीटरवर एकेका अंशाच्या खुणा असतात, त्यावर 0.12 दिसणार कसा? शिवाय तुषार उडताना बाष्पीभवनानं पाणी थंड होतं, ते वेगळंच. एका सहलीच्या जागेतून गती, ऊर्जा, उष्णता, मोजमापाची मर्यादा, एवढं निघतं. आणि "हवा नाही असं धरलं तर" हे वाक्य खुपायला लागलं की पुढचा प्रश्न आपोआप येतो. आपल्याकडं जुलैत पाऊस धो धो कोसळतो. दोन किलोमीटर उंचीवरून पडलेला थेंब या हिशेबानं ताशी 700 किलोमीटरनं डोक्यात बसायला हवा. बसत नाही. का, ते शोध.

आता सावलीबद्दल. हा प्रयोग मी जरा लांबवणार आहे, कारण यात पैसे लागत नाहीत आणि शिकण्यासारखं पुष्कळ आहे.

एक मीटर उंचीची सरळ काठी गच्चीवर किंवा खळ्यात उभी कर. गावात घरबांधणीचं काम कुठंतरी चालू असेलच. गवंड्याकडून ओळंबा आणि पाणसळ तासाभरासाठी मागून घे. ओळंब्यानं काठी उभी आहे का बघायचं, पाणसळीनं जमीन सपाट आहे का. 21 मार्चच्या आसपास, दुपारी बारा वीसपासून एक वाजेपर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकावर खूण करत जा. सगळ्यात आखूड सावली बाराला मिळणार नाही. ती मिळेल 12 वाजून 39 मिनिटांच्या सुमाराला. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावर चालतं आणि खानापूर आहे साडेचौऱ्याहत्तरच्या आसपास. आठ अंशांचा फरक, अंशाला चार मिनिटं, झाली 32 मिनिटं. उरलेली सात मिनिटं कुठून आली? पृथ्वीची कक्षा पूर्ण वर्तुळाकार नाही आणि तिचा आस कललेला आहे, म्हणून सूर्य वर्षभर घड्याळाच्या कधी पुढं, कधी मागं असतो. नोव्हेंबरच्या सुरुवातीला हाच प्रयोग केलास तर मध्यान्ह सव्वाबाराच्या सुमाराला येईल.

त्या दिवशीची आखूड सावली साधारण 28 सेंटिमीटर भरेल. कागदावर प्रमाणात काटकोन त्रिकोण काढ आणि कोनमापकानं वरचा कोन मोज, त्रिकोणमिती यायची गरज नाही. कोन येतो साडेपंधरा अंशांच्या थोडा वर. 21 मार्चला सूर्य विषुववृत्ताच्या डोक्यावर असतो, म्हणून हा कोन म्हणजेच तुझ्या गावाचा अक्षांश, आणि तो तू एका काठीवर काढलास. डिसेंबरच्या 22 तारखेला तीच सावली 81 सेंटिमीटर होते. आणि मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एक दिवस असा येतो की मध्यान्हीला सावली काठीच्या बुडाशी नाहीशी होते. त्यानंतर ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत दुपारची सावली दक्षिणेला पडते. सूर्य कायम दक्षिणेकडून जातो असं छातीठोक सांगणारी मोठी माणसं मी बघितली आहेत. त्यांना जूनमध्ये अंगणात उभं करावं. फक्त तेव्हा खानापुरात ऊन मिळायला नशीब लागतं.

आता नाशिकला कुणी नातेवाईक असेल तर बघ. नाशिक 20 अंशांवर आहे आणि रेखांशानं जवळपास तुझ्याच सरळ रेषेत उत्तरेला. तिथं 21 मार्चलाच एक मीटर काठीची सावली 36 सेंटिमीटरच्या थोडी वर येते. दोन कोनांतला फरक 4.4 अंश. नकाशावर सरळ दक्षिणोत्तर अंतर साधारण 480 किलोमीटर (एस.टी.च्या रस्त्याचं अंतर घेऊ नको, ते वळणं घेत जातं). 480 गुणिले 360 भागिले 4.4 म्हणजे पृथ्वीचा परीघ 39 हजार किलोमीटरच्या वर. खरा आकडा 40 हजार. इराटोस्थेनिस या ग्रीक विद्वानानं सव्वादोन हजार वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये हेच केलं होतं.

पण माझ्या दृष्टीनं खरा प्रयोग इथून पुढं सुरू होतो. काठीच्या सावलीचं टोक धारदार नसतं. सूर्याची तबकडी आकाशात अर्धा अंश रुंद दिसते, म्हणून एक मीटर काठीच्या सावलीचं टोक जवळजवळ सेंटिमीटरभर धूसर असतं. त्याचा मध्य तू नीट धरलास तरी दोन-तीन मिलिमीटर इकडं-तिकडं होणारच. दोन गावांची मिळून कोनात 0.2 अंशांची चूक धर. मग परीघ साडेसदतीस हजारांपासून एक्केचाळीस हजारांपर्यंत कुठंही येऊ शकतो. हे लिहिलंस तर तुझा प्रयोग पुरा झाला. आता नाशिकऐवजी कोल्हापूरची मैत्रीण घेतलीस तर काय होईल? कोल्हापूर फक्त 118 किलोमीटर उत्तरेला, कोनातला फरक जेमतेम एक अंश. चूक तेवढीच, 0.2. उत्तर 34 हजारांपासून 49 हजारांपर्यंत कुठंही. म्हणजे लांबची मावशी जवळच्या मैत्रिणीपेक्षा उपयोगाची का, हे तुला आकड्यात सांगता आलं. चूक किती असेल याचा असा अंदाज घेण्याची सवय मला पी.यू.च्या मुलांना लावताना घाम फुटायचा, कारण दहा वर्षं त्यांनी फक्त पुस्तकामागचं उत्तर जुळवलेलं असायचं.

गणिताकडं येतो. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर हे नाव ऐकलं असेल. जन्म डहाणूचा, 1905 सालचा, नोकरी नाशिकजवळ देवळालीला शाळामास्तराची. चार अंकी कुठलीही संख्या घ्या (सगळे अंक सारखे नकोत), अंक उतरत्या क्रमानं मांडा, चढत्या क्रमानं मांडा, वजाबाकी करा, पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत 6174 येते आणि तिथंच राहते. 1975 मध्ये गणिती कोड्यांचे अमेरिकन लेखक मार्टिन गार्डनर यांनी लिहिल्यावर जगभर हे नाव पोचलं. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात हे हमखास असतं आणि मला त्याचा थोडा रागच येतो. मुलं दहा संख्या घेऊन करून दाखवतात, टाळ्या पडतात, संपलं. का होतं हे कुणी विचारत नाही.

चार अंकांचं जरा किचकट आहे. तीन अंकांचं घे, ते तू आज संध्याकाळी पुरं सिद्ध करू शकतेस. अंक मोठ्यापासून लहानाकडं अ, ब, क. मोठी संख्या 100अ + 10ब + क, लहान संख्या 100क + 10ब + अ. वजाबाकी करताना ब उडून जातो आणि उरतं 99 गुणिले (अ − क). आता अ − क किती असू शकतो? एक ते नऊ. म्हणजे हजाराखालची कुठलीही संख्या घेतलीस (इथंही सगळे अंक सारखे नकोत) तरी पहिल्या वजाबाकीनंतर फक्त नऊ शक्यता उरतात: 099, 198, 297, 396, 495, 594, 693, 792, 891. शेकडो संख्या तपासायचं काम नऊवर आलं. यात 099 आणि 990 चे अंक तेच, म्हणून पुढं 891. तिथून 981 वजा 189, म्हणजे 792. मग 693, मग 594, मग 495, आणि 954 वजा 459 पुन्हा 495. राहिलेल्या 198, 297, 396 याच साखळीत मध्येच येऊन मिळतात. नऊच्या नऊ तपासून झाल्या, एकही निसटली नाही. म्हणजे सिद्ध झालं, आणि जास्तीत जास्त सहा वजाबाक्या लागतात हेही फुकटात कळलं.

आता दोन अंकांचं तू कर. तिथं वेगळंच काहीतरी होतं, मी सांगत नाही. ते झालं की चार अंकांकडं जा. तिथं ब उडत नाही, पण दोन फरकांवर सगळं ठरतं, त्यामुळं यादी थोडी लांबते एवढंच.

असा एक प्रश्न आठवडाभर पुरवायचा. जयंत नारळीकर मूळचे आपल्या शेजारच्या कोल्हापूरचे, पण बालपण गेलं बनारसला. तिथं त्यांचे मामा मोरेश्वर हुजूरबाजार घरातल्या फळ्यावर एखादं आव्हानाचं गणित लिहून ठेवायचे आणि सुटेपर्यंत ते तसंच राहायचं. तुझ्या घरी गणितज्ञ मामा नसेल, पण भिंत आहे, खडू आहे. रोज दहा गणितं सोडवणारी मुलं परीक्षेत पुढं जातात, मान्य. मी सांगतोय ते एक गणित आठ दिवस डोक्यात घेऊन शाळेत, शेतात, बसमध्ये फिरण्याबद्दल. दोन्ही कर, पण दुसरं सोडू नको.

कॅल्क्युलस. सूत्रं बाजूला ठेव. दगड पडतोय, अंतर 4.9 गुणिले वेळेचा वर्ग. दोन सेकंदांनंतर बरोबर त्या क्षणी वेग किती? दोन ते तीन सेकंदांमधला सरासरी वेग काढ: 24.5. दोन ते 2.1: 20.09. दोन ते 2.01: 19.649. दोन ते 2.001: 19.6049. आकडे कुठं चाललेत ते दिसतं. मग आकड्यांऐवजी अक्षर घे: दोन ते दोन अधिक ह. वर्ग उलगड, वजा कर, ह नं भाग. उरतं 19.6 + 4.9ह. ह लहान होत गेला की दुसरं पद विरतं. बस्स, डेरिव्हेटिव्ह म्हणजे एवढंच, आणि ते नववीच्या बीजगणितातलं आहे. आता हेच वेळेच्या घनासाठी कर, मग एक भागिले वेळेसाठी. पाठ केलेलं सूत्र तुझ्या वहीत स्वतःहून उगवेल. बसमधून बेळगावला जाताना किलोमीटरच्या दगडांवर घड्याळ बघून वेळा लिहून घे आणि आलेख काढ. कुठं चढ लागला, कुठं सिग्नलला थांबलो, हे रेषेच्या कलावरून वाचता येतं. इंटिग्रेशनची घाई नको. दहावीची त्रिकोणमिती मात्र आत्ताच शिकून घे, ती सगळीकडं लागते.

व्हिडिओंबद्दल मी कडक नाही. बघ. पण बघितल्यावर एक तरी आकडा स्वतः काढ. सापेक्षतेत वेळ हळू चालतो हे ऐकलं असशील. ते पायथागोरसनं निघतं. दोन आरशांमध्ये प्रकाश वर-खाली जातोय असं घड्याळ कल्पून बघ. ते घड्याळ सरकत्या गाडीत असेल तर बाहेरून बघणाऱ्याला प्रकाश तिरका जाताना दिसतो. तिरकी बाजू कर्ण, आरशांमधलं अंतर उभी बाजू, गाडी सरकली ती आडवी बाजू. प्रकाशाचा वेग दोघांना सारखाच, एवढी एक अट घाल आणि समीकरण सोडव. मग बस घे: ताशी 90 किलोमीटर, तासाभराचा प्रवास. ड्रायव्हरचं घड्याळ मागं पडतं एका सेकंदाच्या एक लाख कोटी भागांतले साधारण बारा भाग. इतका लहान आकडा साध्या कॅल्क्युलेटरवर शून्यच दिसतो, म्हणून तो हातानं कसा काढायचा हेही एक कोडंच आहे. उलट प्रकाशाच्या वेगाच्या सहा दशांश वेगानं गेलीस तर एका तासाचा सव्वा तास होतो, हे तोंडी येतं. व्हिडिओत कृष्णविवराचं चित्र वीस मिनिटं बघण्यापेक्षा हे अर्ध्या तासाचं काम जास्त टिकतं. क्वांटमला मात्र आत्ता हात लावू नको असंच मी म्हणेन. तिथं नववीच्या गणितानं धरायला फारसं काही नाही, नुसत्या गोष्टी उरतात.

सर अभ्यासक्रम पुरा कर म्हणतात, तर पुरा कर. एस.एस.एल.सी.चे (दहावीच्या बोर्डाचे) गुण पुढच्या कॉलेजसाठी लागतात आणि त्यात कमीपणा नाही. पण सरांकडं "पुढचं शिकवा" म्हणून जाऊ नको. सावलीची वही घेऊन जा आणि "इथं माझी चूक किती धरू?" असं विचार. शिकवणाऱ्या माणसाला असा प्रश्न वर्षातून एखादा मिळतो. बहुतेकजण खूश होतील.

इंग्रजीचा धसका मी फार जवळून बघितला आहे. मराठी शाळेतून आलेली हुशार मुलं पी.यू.च्या पहिल्या सहामाहीत मान खाली घालून बसतात. गणित अडत नसतं, प्रश्नातलं वाक्य अडतं. कर्नाटकात पी.यू.ला विज्ञानाची एन.सी.ई.आर.टी. या केंद्रीय संस्थेचीच पुस्तकं आहेत आणि त्यांची नववी-दहावीची पुस्तकंही मोफत उतरवून घेता येतात. जो धडा मराठीत नीट झाला आहे, तोच इंग्रजीत वाच. नवीन धडा इंग्रजीत सुरू करू नको, दोन ओझी एकदम नकोत. आधी फक्त सोडवलेली उदाहरणं वाच, कारण त्यात वाक्यं तीच तीच येतात. आठवड्याला दोन उदाहरणं इंग्रजीत लिहून काढ. दहावी संपेपर्यंत भीती जाते. विचार मात्र मराठीतच कर, खुशाल. समीकरणाला भाषा विचारत नाहीत. वर्गात कानडी मुलं शेजारी असतील, त्यांनाही इंग्रजी तेवढंच जड जातं. त्यांच्याशी जोडी जमव.

सोबत कुणी नाही ही अडचण खरी आहे. आपल्या भागात कडोलीला, येळ्ळूरला, उचगावला साहित्य संमेलनं भरतात, गाव मांडव घालतं, पाहुण्यांना जेवण घालतं. त्या मांडवात एका कोपऱ्यात गणिताचा फळा का ठेवू नये, हे मी बऱ्याच जणांना विचारलं आहे. हसतात. तोवर वर्गातली एक मैत्रीण पकड आणि तिला तीन अंकी कापरेकर समजावून सांग. ती "पण का?" म्हणून जिथं अडवेल, तिथं तुझं कच्चं आहे.

स्पर्धा परीक्षांचं शेवटी लिहितो, कारण त्या शेवटीच याव्यात. गणितासाठी आय.ओ.क्यू.एम. ही परीक्षा ऑलिंपियाडची (शाळकरी मुलांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेची) पहिली पायरी, त्यानंतर प्रादेशिक पातळीची आर.एम.ओ., मग राष्ट्रीय पातळीची आय.एन.एम.ओ. विज्ञानात दहावीपर्यंतच्या मुलांसाठी एन.एस.ई.जे.एस. ही परीक्षा असते, ती भौतिकशास्त्राच्या शिक्षकांची संघटना घेते. ऑलिंपियाडच्या पुढच्या पायऱ्या मुंबईचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र बघतं आणि त्यांच्या संकेतस्थळावर जुने पेपर उत्तरांसह मोफत आहेत. यंदा परीक्षेला बसलीच पाहिजेस असं नाही. जुना पेपर घे, त्यातला एकच प्रश्न निवड, घड्याळ लावू नको, आणि उत्तर बघायच्या आधी तीन दिवस जाऊ दे. क्लासवाले नेमकं उलटं सांगतील; त्यांचं त्यांच्या जागी बरोबर असेल. दहावीच्या वर्षी बसावंसं वाटलं तर नावनोंदणीची तारीख आधीच बघून ठेव आणि जवळचं केंद्र कुठलं ते सरांना आधी विचार, कारण खानापुराहून पहाटेची बस धरून परीक्षेला जाणं ही वेगळीच परीक्षा असते.